धाकट्याची तपासणी आताच करावी का?

प्रश्न : थोरला पाच वर्षांचा, जमिनीवरून मांडीला हात टेकून उठतो. त्याला डुशेन स्नायुविकार (स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) निघाला. धाकटा दहा महिन्यांचा, ठणठणीत आहे. सासूबाई म्हणतात, लक्षणं दिसेपर्यंत पोराला कशाला टोचायचं? – एक आई, देवरुख

उत्तर : ताई, बरेच पालक म्हणतात, आधी कळायला हवं होतं. काहींना मात्र बाळाची बिनघोर वर्षं हवी असतात, आणि त्यात गैर काही नाही. स्टिरॉइड सहसा चार-पाच वर्षांच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे औषधासाठी घाई नाही. घाई आहे ती पुढच्या गरोदरपणाआधी धोका कळण्याची. म्हणून आधी थोरल्याची जनुक तपासणी (एमएलपीए, म्हणजे जनुकाचा एखादा तुकडा गळालाय किंवा दुणावलाय का ते पाहणारी) करा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं दोन-तीन मिली रक्त रत्नागिरीहून मुंबईला पाठवता येतं. दोष नेमका कळला की तुमची तपासणी. तुम्ही वाहक असाल, म्हणजे सदोष जनुक तुमच्याकडून मुलांत जाऊ शकत असेल, तर प्रत्येक मुलग्याला धोका ५० टक्के. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून नोंदणीकृत केंद्रात होते.

धाकट्याची सीपीके ही साधी रक्ततपासणी आहे; स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर (एन्झाइम) ती मोजते. आजार असेल तर सीपीकेचा आकडा जन्मापासूनच हजारोंत असतो. यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एसजीपीटीही वाढतं, आणि मग कावीळ समजून महिनोन् महिने झाडपाला चालतो! दोन्ही वाढलेलं दिसलं तर यकृताआधी स्नायूंचा विचार करा.

तपासणी लांबवलीत, तरी कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना थोरल्याचा आजार सांगा. भुलीत स्नायू सैल करायला वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन हे औषध अशा मुलांना जिवावर बेतू शकतं.