बाबांनीच का ढकललं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नरसिंह. सध्या नरसिंह अवतारावरचा एक अ‍ॅनिमेशनपट आमच्याकडे लागला आहे आणि दोन्ही नातवंडांनी तो थिएटरात बघावा अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचार. माझ्या जावेनं तो पाहिला. ती म्हणते, शेवटी बराच वेळ मारामारी आहे, आवाजही कान फुटतील इतका. मिस्टर म्हणतात, ‘देवाचंच आहे, त्यातून कार्टून. घाबरायचं काय? आपण नाही का लहानपणी रामायण बघितलं?’ मी नको म्हटलं तर सासूबाईंना वाटेल, हिला देवाधर्माचं वावडं आहे. काय करू?
– एक आई, इंदापूर तालुका

उत्तर : थोरलीला खुशाल न्या. धाकट्याला एवढ्यात थिएटरात नेऊ नका. हे इतकं ठामपणे सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे.

एकतीस वर्षं मी बालवाडीत शिकवलं. एका वर्षी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना ज्ञानेश्वरांच्या जीवनावरचा एक चित्रपट दाखवला. भिंत चालली, रेडा वेद बोलला, पोरांनी टाळ्या पिटल्या. आम्ही खूश. पुढच्या आठवड्यात मोठ्या गटातला एक मुलगा फाटकापाशी आईचा पदर सोडेना. एरवी उड्या मारत येणारं पोर. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्याला मांडीवर घेतलं, माझा चिवड्याचा डबा उघडून पुढे धरला. त्यातले शेंगदाणे वेचता वेचता तो हळूच म्हणाला, ‘बाई, ज्ञानोबाचे आईबाबा परत आलेच नाहीत.’

देहान्त प्रायश्चित्ताचा तो प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा होता. रक्त नाही, राक्षस नाही, आरडाओरडा नाही. आम्ही शिक्षिकांनी आधी बसून तो चित्रपट पाहिला होता आणि यात वावगं काही नाही असं ठरवलं होतं. आम्हाला त्यात विठ्ठल दिसला. त्याला दिसली दारात उभी असलेली चार भावंडं. पुढे पंधरा दिवस त्याची आई रोज त्याला घड्याळ दाखवून सांगायची, ‘मोठा काटा सहावर आला की मी फाटकात.’ आणि ती खरोखरच काटा सहावर यायच्या आत येऊन उभी राहायची. मग तो हळूहळू सावरला.

तेव्हापासून मुलांना कुठलाही देवादिकांचा, संतांचा चित्रपट दाखवायचा म्हटलं की मी आधी एकच बघते : या गोष्टीत माझ्यासमोरच्या मुलाएवढं मूल कोण आहे आणि त्याच्यावर काय गुदरतं?

प्रल्हादाच्या कथेला हे लावून बघा. आपल्याला वाटतं, पोरगं सिंहाला भिईल. सिंह तर त्याच्या बाजूचा आहे, मुलं सिंहाला भीत नाहीत. साडेचार वर्षांचं मूल हादरतं ते बापाला बघून. कड्यावरून ढकलणारा, हत्तीच्या पायी देणारा बाप. आणि आत्या कुठे घेऊन बसते आगीत? मांडीवर. घाबरलेलं मूल जिथे धावत जातं, ती जागाच गोष्टीत धोक्याची होते.

तुम्ही म्हणाल, आजवर हे सगळं कीर्तनांतून, आज्यांच्या तोंडून ऐकतच मुलं मोठी झाली. खरं आहे, आणि ऐकून गाढ झोपलीही. पण आजी गोष्ट सांगते तेव्हा कड्याची उंची मूल आपल्या मनानं ठरवतं, झेपेल तेवढीच. शिवाय ‘ढकललं’ म्हणते त्याच दमात आजी ‘आणि देवानं वरच्यावर झेललं’ म्हणते. पोराचा चेहरा बदलला तर हत्ती गाळून पुढे जाते. पडद्यावर मात्र प्रल्हाद पडत राहतो, पडतच राहतो. मधे ‘थांब’ म्हणायची सोय नाही.

मिस्टरांनी रामायणाचा दाखला दिला, तो मला पटतो, पण तेव्हाची बैठक त्यांनी आठवावी. १९८७ साली ते सुरू झालं ते रविवारी सकाळी साडेनऊला. भरपूर उजेड, कोपऱ्यात छोटा टीव्ही, खोलीभर शेजारीपाजारी, कुणाच्या तरी मांडीत आपण. कुंभकर्ण आला की उठून पाणी प्यायला जायचं. थिएटरच्या अंधारात डरकाळी चारी बाजूंनी येते आणि लहान मुलाच्या छातीत वाजते.

चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघा. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डानं ‘यूए’चे तीन भाग केले आहेत : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. तिकीट काढताना तो आकडा दिसतो. ‘यूए’ ही बंदी नव्हे, निर्णय आईबापांवर सोडलेला असतो. त्यामुळे दारावरचा माणूस तुमच्या धाकट्याला अडवणार नाही. अडवायचं की नाही, ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

थोरलीसाठी मात्र ही कथा मेजवानी आहे, कारण तिच्यात कोडं आहे. जायच्या आदल्या रात्री सासूबाईंना ते घालू द्या : माणसाच्या हातून मरण नको, प्राण्याच्या नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्रानं नको. मग कसा मरेल? तिला डोकं खाजवू दे. उंबरठा, तिन्हीसांजा, मांडी, नखं ही उत्तरं एकेक करून सापडली की शेवट आधीच तिच्या हातात आलेला असेल आणि मारामारी ती वेगळ्या नजरेनं बघेल. खुर्च्या मागच्या रांगेतल्या, कडेच्या घ्या. मध्यंतरात ‘भीती वाटली का?’ असं विचारू नका, ‘पुढे काय होईल?’ असं विचारा. उत्तर देताना तिचा आवाज खाली गेला तर उठून या. तिकिटाचे पैसे वाया गेले तरी चालतील.

धाकट्याला एक-दोन वर्षांनी घरी दाखवा, दिवसा, आवाज कमी करून. त्याआधी एक खेळ करा. जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर पानोपानी सिंहाचं तोंड थोडं थोडं उघडत काढा आणि पानं भरकन सोडा. सिंह जांभई देतो! माणसानं काढलेलं चित्र हलतं, हे त्याच्या बोटांना कळू दे. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती साधी मुलगी म्हणून समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. मला हे फार भावतं. सोंग कोणी घेतलंय ते आधी दाखवायचं, मग नागाच्या फण्यावर नाचायचं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना नुसता नकार देऊ नका, त्यांचं मन खरंच दुखेल. ‘आई, पडद्यावर बघण्याआधी त्यानं तुमच्या तोंडून ऐकावं’ असं म्हणा, आणि एका रविवारी दोघा आजी-नातवाला नरसिंहपूरला न्या. संगमावर भीमा कुठली, नीरा कुठली ते त्याला बघू दे. तिथली मूर्ती प्रल्हादानंच वाळूची घडवली, अशी आख्यायिका आहे. वाळूत तोही एक सिंह करील.

आणि केव्हातरी, बहुधा झोपताना, तो विचारील, ‘त्याला बाबांनीच का ढकललं?’ तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. मिस्टरांना हाक मारा. त्यांनी त्याला मांडीवर घ्यावं आणि मगच बोलावं.