मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे एवढे सिद्धांत आहेत, त्यातला खरा कोणता? आणि स्वभावाला खरंच औषध नसतं का?

तुम्ही विचारलंय की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलं, व्यक्तिमत्त्वाच्या धड्यात फ्रॉइड, स्किनर, रॉजर्स, मॅस्लो, बिग फाइव्ह असे एकामागून एक येतात, जो तो आधीच्याला खोडून काढतो, आणि घरी आजी मात्र ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून एका वाक्यात विषय मिटवते. मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात हा विषय शिकवते. प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकच सिद्धांत खरा आणि बाकीचे खोटे, असं नाही. पण सगळेच आपापल्या जागी बरोबर, हे गुळमुळीत उत्तरही मला मान्य नाही. काहींच्या मागे भक्कम पुरावा आहे, काहींच्या मागे फार थोडा. प्रत्येक सिद्धांत वाचताना आधी एवढं बघा की तो मांडणाऱ्यासमोर कोण बसलं होतं. फ्रॉइडसमोर व्हिएन्नातले रुग्ण होते. स्किनरसमोर पिंजऱ्यातले उंदीर आणि कबुतरं. रॉजर्ससमोर मन मोकळं करायला आलेली माणसं. कॅटेलसमोर शेकडो लोकांच्या गुणांचे तक्ते. ज्याला जे दिसलं त्यावरून त्याने सगळ्या माणसांबद्दल विधान केलं. धड्यातली बरीचशी भांडणं तिथून सुरू होतात.

फ्रॉइडकडे जाणारी एक वाट तर आपल्या कांदोळीतून निघते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, हात पुढे करून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर भान हरपून कलंडणारी बाई. फारियांचा जन्म कांदोळीला १७५६ सालचा, मृत्यू पॅरिसमध्ये १८१९ साली. त्या काळी मेस्मर या डॉक्टरच्या अनुयायांचं म्हणणं असं, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह निघतो आणि समोरच्याला झोपवतो. फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगितलं की असा कुठलाही प्रवाह नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, सूचनेमुळे आणि एकाग्रतेमुळे घडतं. सूचनेचा हा विचार पुढे फ्रान्समधल्या नान्सी गावी लिबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी वाढवला. फ्रॉइड आधी १८८५-८६ मध्ये पॅरिसला शार्को या मज्जाविकारांच्या डॉक्टरकडे शिकला आणि १८८९ मध्ये नान्सीला जाऊन बर्नहाइमचे प्रयोग त्याने डोळ्यांनी पाहिले. संमोहनातून जागा झालेला माणूस ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो, आणि नेटाने विचारत राहिलं की हळूहळू सगळं सांगतो. मनात आहे पण माणसाला स्वतःला ठाऊक नाही, असं काही असू शकतं, ही फ्रॉइडची मूळ कल्पना अशा प्रसंगांतून पक्की झाली. संमोहन त्याने नंतर सोडून दिलं, अबोध मन मात्र सोडलं नाही.

आज काय उरलंय? मनाचं पुष्कळसं काम आपल्या नकळत चालतं, हे प्रयोगांनीही दाखवलंय. बालपणीच्या लैंगिक अवस्थांचा त्याचा जिना मात्र पुराव्यावर टिकला नाही. परीक्षेसाठी तो पाठ करावा लागेल, पण माणसं समजून घेताना त्यावर भार टाकू नका.

स्किनरचं थोडक्यात सांगते. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं, ज्याला मिळत नाही ते ओसरतं. सवयी लावण्यासाठी याहून उपयोगी काही नाही. पण माणूस नुसतं बघूनही शिकतो, हे त्यात नीट बसत नव्हतं. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांनी १९६१ च्या बाहुलीच्या प्रयोगात दाखवलं. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेल्या मुलांनी, कोणतंही बक्षीस नसताना, तसंच केलं. पुढे १९७७ मध्ये बंडुरांनी ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो असं ते म्हणतात: आधी जमलेलं असणं, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने धीर देणं आणि त्या क्षणी आपलं शरीर काय सांगतंय ते.

इथे पुन्हा फारियाच आठवतात. गोव्यात सांगितली जाणारी आख्यायिका अशी, की तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभे राहिले आणि समोरची बडी मंडळी बघून त्यांची वाचाच बसली. वडील जवळच होते. त्यांनी कोकणीतून हळूच म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि प्रवचन सुरू झालं. गोष्ट घडली तशीच असेल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, पण बंडुरांचं तिसरं आणि चौथं ठिकाण समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मुलाच्या स्वभावात त्या एका क्षणात काहीच बदललं नव्हतं. समोर बसलेल्यांकडे बघण्याची दृष्टी बदलली आणि वागणं बदललं.

मॅस्लोचा पिरॅमिड परीक्षेत हमखास येतो. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात मात्र पिरॅमिडचं चित्रच नाही, आणि माणसं खालची गरज पुरी करूनच वरच्या पायरीवर जातात, याला फारसा आधारही नाही. हातउसने पैसे घेऊन चवथीची (गणेशचतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट, मन लावून बांधणारं घर तुम्हीही पाहिलं असेल. रॉजर्सचं ‘विनाअट स्वीकार’ शिक्षिका म्हणून मला मोलाचं वाटतं. त्यांनी समुपदेशनाचं ध्वनिमुद्रण करून ते इतरांना तपासायला खुलं केलं, हे त्याहून मोठं काम. पुस्तकात त्याला एखादी ओळही मिळत नाही.

आता गुणतत्त्वांचे, म्हणजे स्वभावातल्या टिकाऊ गुणांचे, सिद्धांत. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले, त्यातले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ गुणांचे म्हणून निवडले. कॅटेलने ते चाळत सोळा घटकांवर आणले. पुढच्या संशोधकांना पुन्हा पुन्हा पाचच मोठे गट सापडत गेले: अनुभवांना मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. हेच ते बिग फाइव्ह. लक्षात ठेवा, हे पाच ‘प्रकार’ नव्हेत, पाच मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतो. गीतेतले सत्त्व, रज, तमही प्रत्येकात असतात आणि कधी एक तर कधी दुसरा वरचढ होतो. तिथेही माणसांचे तीन डबे केलेले नाहीत. मोजमाप, पुन्हा पुन्हा तपासणी, वेगवेगळ्या देशांतली आकडेवारी, या कसोट्यांवर धड्यातला सर्वात भक्कम भाग हाच.

पण भक्कम म्हणजे पुरेसा नव्हे. १९२८ मध्ये हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवायची, खोटं बोलायची, चोरायची संधी देऊन पाहिलं. परीक्षेत उत्तरं बदलणारं मूल खेळात खोटेपणा करेलच असं दिसेना. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की चाचणीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर तो १ येतो) ०.३० च्या वर क्वचितच जातो. १९७३ चा डार्ली आणि बॅट्सन यांचा प्रयोग तर मी वर्गात सांगतेच. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात पाद्री व्हायला शिकणारे ४० तरुण. काहींना बायबलमधल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर, बोलायचं होतं. वाटेत एक माणूस खोकत, विव्हळत पडलेला. ज्यांना वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, धाव’ सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. दाखला डोक्यात असल्याने फारसा फरक पडला नाही, कोणाची धर्मश्रद्धा कशा प्रकारची आहे यावरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घाईने मात्र फरक पडला.

मग स्वभाव नावाचं काही नसतंच का? असतं. एपस्टाइन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की एका प्रसंगावरून काही सांगता येत नाही, पण बऱ्याच दिवसांची सरासरी घेतली की माणूस बराच सुसंगत दिसतो. आणि खुद्द मिशेल यांनी शोदा यांच्यासोबत १९९५ मध्ये जे मांडलं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वात उपयोगी वाटतं. उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या निरीक्षणात त्यांना दिसलं की दोन मुलं एकूण सारखीच आक्रमक असतात, पण एक मित्रांनी चिडवल्यावर भडकतं, दुसरं मोठ्यांनी दटावल्यावर. ‘असं झालं, तर हा असा वागतो’ हा नमुनाच त्या मुलाची ओळख. पुस्तकं याला अर्धं पान देतात, मला वाटतं पाच द्यावीत.

माझ्या वर्गातलाच एक मुलगा बघा. वर्गात घुमा. हजेरी दिली तरी ओठ हललेले तेवढे दिसायचे. चवथीला मी त्याच्या वाड्यावर गेले, तेव्हा आरतीच्या घोळक्यात मधोमध हाच बसलेला. घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, मांडीवर आडवं, डावा हात त्याच्या लहान तोंडावर उघडझाप करतोय, उजव्या हाताची बोटं चामड्यावर. ताल वाढवायचा तेव्हा त्याने नुसत्या भुवया उचलल्या आणि शामेळ हे तालवाद्य वाजवणारा त्याचा काका, दुप्पट वयाचा माणूस, त्याच्यामागून गेला. याला अंतर्मुख म्हणू की बहिर्मुख? चाचणीवर तो मधे कुठेतरी येईल, आणि त्या आकड्यातून काहीच कळणार नाही. सगळ्यांसमोर एकट्याला, इंग्रजीतून, अचानक विचारलं तर तो गप्प होतो. हाताने येणारं काम असलं आणि सोबतीला माणसं असली तर तो पुढे होतो. एवढं कळल्यावर आम्ही त्याला प्रॅक्टिकलच्या चौघांच्या गटात निरीक्षणं मराठीतून सांगायला लावली. तो बोलला. मोठ्या वर्गात तो आजही कमीच बोलतो, आणि ते मला चालतं.

१९८४ च्या एका अभ्यासात जोन मिलर यांना दिसलं की कोणी असं का वागलं हे सांगताना शिकागोचे प्रौढ लोक स्वभावाकडे बोट दाखवतात, तर म्हैसूरचे हिंदू प्रौढ परिस्थितीकडे आणि नात्यांकडे जास्त बघतात. म्हणजे ही जाण आपल्याकडे आहे. तरी आपल्या प्रगतिपत्रकांवरचे शेरे वाचा: ‘आळशी’, ‘लाजाळू’, ‘उद्धट’. कधी, कुठे, कोणासमोर, याचा पत्ता नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मूल तो शेरा वर्षानुवर्षं बाळगतं.

आता आजीचं म्हणणं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या गुणांच्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा अनुवंशाचा धरला जातो. हा आकडा समूहातल्या फरकाबद्दल आहे, ‘माझा अर्धा स्वभाव आईबाबांकडून आला’ असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय वय वाढतं तसे लोक सरासरीने अधिक जबाबदार, अधिक सौम्य आणि भावनिकदृष्ट्या स्थिर होत जातात, आणि यातला बराच बदल विशीपासून चाळिशीपर्यंत होतो. २०१७ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानसोपचारानंतर गुणांमध्येही बदल झालेला दिसला, सर्वात जास्त भावनिक स्थैर्यात. तेव्हा आजीने आयुष्यभर जे पाहिलं ते निराधार नाही, माणसं रातोरात बदलत नाहीत. पण बदलतच नाहीत, हे खरं नाही.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. हसतंखेळतं माणूस दोन-चार महिन्यांत अबोल झालं, झोप-जेवण तुटलं, चिडचिड वाढली, तर तो ‘स्वभाव’ म्हणून सोडू नका. तो आजार असू शकतो. बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था याचसाठी आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

नेटवरच्या सोळा प्रकारांच्या चाचण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्गात कोणीतरी पाठवेलच. त्या माणसाला इकडचा नाहीतर तिकडचा ठरवतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिल्या तर पुष्कळांचा प्रकारच बदलतो. ‘अगदी माझंच वर्णन आहे’ असं वाटणं हा पुरावा नव्हे. फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला, प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल म्हणून दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या वर्गात आजही हा प्रयोग तसाच्या तसा चालतो.

परीक्षेत ‘टीकात्मक मूल्यमापन करा’ आलं की चरित्र लिहू नका. सिद्धांत कोणाला बघून मांडला, तो तपासता येतो का, तपासल्यावर काय टिकलं आणि कोणतं वागणं त्यातून समजत नाही, या क्रमाने लिहा. प्रॅक्टिकलला एखाद्याची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्याल, तेव्हा गुण मोजून झाल्यावर त्याला विचारा की उत्तरं देताना कोणते प्रसंग डोळ्यांसमोर होते, आणि तेही जर्नलमध्ये लिहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये मी तो भाग सगळ्यात आधी वाचते.