चार सुती सळई म्हणजे नेमकी किती जाड?

प्रश्न आला आहे तो असा: आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. त्यांच्या १९५८ च्या वहीत सोलापूरजवळच्या एका शाळेच्या स्लॅबविषयी नोंद आहे, 'चार सुती सळई, सहा इंचावर एक. टोकाला साडेचार इंच जादा.' सोलापुरात सूत म्हटलं की माग आणि गिरणीच आठवणार. लोखंडाला कसलं सूत? आणि आज दुकानात १२ मिमीला चार सुती म्हणतात, ती हीच का?

हे सूत म्हणजे माप. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग एक सूत. सुतार-गवंड्यांची आखणीची दोरी तीही सूतच, आणि 'सुतार' हा शब्दही सूत्रधारावरून आलेला. त्यांचंच माप लोखंडवाल्यांनी घेतलं. दोन सुती पाव इंच, चार सुती अर्धा, सहा सुती पाऊण.

ती हीच का? नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा. पुढे सळया १०, १२, १६, २० मिमीच्या झाल्या, पण बाजाराने जुनी नावं सोडली नाहीत. ८ मिमीला तर 'अडीच सुती' असं खास नाव आहे. १२ मिमीच्या सळईचा छेद, म्हणजे कापल्यावर दिसणाऱ्या गोलाचं क्षेत्रफळ, अर्ध्या इंचाच्या सळईपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी लहान. सहा सुतीचं उलट: पाऊण इंच १९ मिमीच भरतो, आजची २० मिमी छेदाने त्याहून १० टक्के मोठी. पाच सुती आणि १६ मिमी मात्र जवळजवळ सारख्याच. त्यामुळे स्लॅब तपासायला इंजिनिअर आणणार असाल, तर त्याला 'चार सुती' सांगू नका, सरळ 'अर्धा इंच' सांगा. नाहीतर तो आजच्या सवयीने १२ धरेल.

वहीतली सळई अर्ध्या इंचाचीच होती, याची खात्री त्याच नोंदीत आहे. तेव्हाची सळई बहुधा साधी, गुळगुळीत. काँक्रीटमध्ये घसरू नये म्हणून तिची टोकं आकड्यासारखी वळवायची आणि प्रत्येक आकड्याला सळईच्या जाडीच्या नऊपट लांबी जादा धरायची. अर्ध्या इंचाचे नऊपट साडेचार इंच.