ओमानी घरी पाहुणचाराला जाताना

प्रश्न: ताई, आम्ही नुकतेच मस्कतला आलोय, ह्यांच्या ऑफिसमधल्या एका ओमानी माणसाने शुक्रवारी घरी बोलावलंय, कसं वागायचं काहीच कळत नाहीये.

उत्तर: अगं बिनधास्त जा, फार मायाळू माणसं असतात! दुपारच्या नमाजानंतरच पोचा. चपला बाहेर काढायच्या, आपल्यासारखंच, आणि बायकांची बैठक बऱ्याचदा वेगळी असते तर गोंधळू नकोस. आधी खजूर, हलवा येईल, मग बिनकानाच्या छोट्याशा कपात वेलदोडा घातलेला बिनसाखरेचा काहवा (म्हणजे त्यांची कॉफी), कडू लागतो पण खजुराबरोबर मस्त जातो. कप उजव्या हातानेच घे. रिकामा कप नुसता पुढे केलास की ते परत भरणार, बास झालं की तो हातातच डावीउजवीकडे हलवायचा, मग थांबतात. न्यायला मिठाईचा बॉक्स चालेल.