जिम्नीच्या मागील सीट काढून सामानाचा ओटा बसवावा का, आणि बसवायचा तर कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी मारुती सुझुकीची जिम्नी आहे, प्रवास बहुतेक वेळा आपण आणि आपल्या पत्नी असा दोघांचाच असतो, पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला जायचे आहे आणि वाटेत गाडीतच झोपायचे आहे. त्यासाठी मागील दोन्ही सीट काढून तिथे ड्रॉवर असलेला प्लायवूडचा प्लॅटफॉर्म, म्हणजेच ओटा, बसवावा का, तो कशाला आवळावा आणि आरटीओची अडचण येते का, असे आपण विचारले आहे. कधीमधी आई सोबत असतात, हेही आपण ओघात लिहिले आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

मी याच गाडीत दोन ओटे करून पाहिले आहेत. पहिला चुकला, दुसरा अजून गाडीत आहे. माझी गाडी दोघांपुरतीच वापरली जात असल्याने मी आरटीओची परवानगी घेऊन आणि विमा कंपनीला लेखी कळवून सीट काढल्या. आपल्याला मात्र मी सीट काढू नका असेच सांगेन. त्याची कारणे आधी लिहितो, सीट काढायच्याच ठरवल्या तर काम कसे करावे तेही लिहितो, कारण या विषयावर सुतारकामाची माहिती भरपूर मिळते आणि जोडणीची फार कमी.

मागील सीट गाडीत कोणकोणती कामे करते, ते प्रथम पाहू. ती काढली की ती सर्व कामे आपल्या ओट्यावर येऊन पडतात. सीटचे बोल्ट बॉडीत जिथे आवळलेले असतात तिथला पत्रा मुद्दाम मजबूत केलेला असतो आणि ही जोडणी टकरीच्या वेळी टिकावी म्हणून तिची चाचणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी आर-17 हा नियम सीटविषयी आहे. त्यात सीटच्या जोडणीवर गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट मंदन, म्हणजे वेग एकदम कमी होण्याचा झटका, लावून पाहतात. त्याच नियमात सामानाचीही एक चाचणी आहे. सीटच्या पाठीमागे डिकीत प्रत्येकी 18 किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि ताशी 50 किलोमीटरच्या वेगातील धडकेत ते सीटची पाठ ढकलून पुढे येतात का, हे बघतात. म्हणजे डिकीतले सामान आणि पुढे बसलेली माणसे यांच्यामध्ये मागील सीट ही भिंतीसारखी उभी असते, आणि सीट काढताना नेमके हेच विसरले जाते. पाण्याच्या 20 किलोच्या कॅनवर 20 पट मंदन आले, तर त्या क्षणी तो 400 किलो वजनाच्या जोराने पुढे झेपावतो. त्याच्या वाटेत चालकाची पाठ आणि मान असते.

माझ्या पहिल्या ओट्यात मी हीच चूक केली. सुताराकडून 18 मिलिमीटरच्या प्लायचा देखणा पेटारा करून घेतला, त्याला दोन ड्रॉवर लावले, आणि तो एल आकाराच्या पट्ट्या व लाकडी स्क्रू वापरून जमिनीच्या पत्र्यावर धरवला. पुण्यात, महामार्गावर, अगदी ताम्हिणी घाटातही तो हलला नाही. स्पितीच्या वाटेवर ग्रामफूहून बातलकडे जाताना चंद्रा नदीच्या कडेचा रस्ता म्हणजे तासन्‌तास गोट्यांवरून चालणे असते, आणि त्या सततच्या थरथरीने प्लायमधले स्क्रू आपापल्या भोकांत सैल होत गेले. एका ओढ्यापाशी जरा जोरात ब्रेक लावला, तेव्हा सबंध पेटारा चार बोटे पुढे सरकून माझ्या पत्नीच्या सीटच्या पाठीला येऊन टेकला. वेग नगण्य होता म्हणून काही झाले नाही. पण तो आवाज आजही माझ्या लक्षात आहे, आणि त्या दिवसापासून लाकडी स्क्रूवर कोणतेही वजन धरायचे नाही, हे मी ठरवून टाकले.

दुसऱ्या ओट्याचा सांगाडा मी लोखंडाच्या चौकोनी पाइपचा केला. पाइप 25 बाय 25 मिलिमीटर, 16 गेज, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा. त्याचे वजन मीटरला 1.2 किलोच्या आसपास भरते, त्यामुळे बारा मीटर पाइप लागला तरी सांगाडा पंधरा किलोच्या आत राहतो. या सांगाड्याचे पाय सीटच्या मूळ बोल्टच्या जागांवरच आले पाहिजेत, आणि प्रत्येक पायाखाली किमान पाच मिलिमीटर जाडीची पट्टी वेल्ड करून तिच्यातून बोल्ट गेला पाहिजे. बोल्ट शक्यतो सीटचे मूळचेच वापरावेत. पट्टीच्या जाडीमुळे ते आखूड पडत असतील, तर त्याच आट्याचे आणि डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा मजबुतीचा अंक कोरलेले घ्यावेत. सीटबेल्टच्या खालच्या बोल्टला हात लावायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनेक गाड्यांत या बोल्टचे आटे मेट्रिक नसून 7/16 इंच मापाचे असतात. हाताशी आलेला मेट्रिक बोल्ट तिथे जबरदस्तीने फिरवला, तर वेल्ड केलेला नट कायमचा बिघडतो. जमिनीला नवे भोक पाडणे टाळावेच, कारण खाली इंधनाची आणि ब्रेकची नळी असू शकते आणि उघड्या पत्र्यावर कोकणातला एक पावसाळा गंज धरायला पुरेसा असतो.

भिंतीचे काम कोणी करायचे, हा प्रश्न ओटा पक्का झाला तरी उरतोच. पुढच्या सीटच्या मागे लोखंडी जाळी किंवा निदान सामान अडवणारे जाड पट्ट्यांचे जाळे असावे, आणि तेही बॉडीलाच धरलेले असावे. ओट्याच्या वर ठेवलेली प्रत्येक वस्तू पट्ट्याने आवळलेली हवी. तरीही घरी केलेली जोडणी कारखान्यात तपासलेल्या जोडणीच्या तोडीची आहे, असे मी कधीच मानणार नाही, म्हणून जड सामान पुढच्या सीटच्या पाठीला लागून आणि अगदी तळाशी ठेवतो. त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण जिम्नीत खरी कसोटी इथे लागते. या गाडीचे स्वतःचे वजन सुमारे 1,200 किलो आणि सामान-माणसांसह कमाल अनुज्ञेय वजन 1,545 किलो आहे. म्हणजे हाती 345 किलोच्या आसपास उरतात. दोघांचे 140 धरले तर 205 राहिले. 18 मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी शीटचे वजन पस्तीस किलोच्या पुढे जाते आणि ड्रॉवरसह ओट्याला अशा दोन शीट सहज लागतात. माझा पहिला ओटा रिकामाच सत्तर किलोच्या वर होता. त्यात पाणी, तंबू, हत्यारे, चूल, शिधा, कपडे आणि छतावरचा रॅक मिळवा. काय ठेवावे हा विचार सुरू होण्याआधीच मर्यादा जवळ आलेली असते. दुसऱ्या ओट्यावर मी 12 मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 हा शिक्का असलेला, फक्त वरच्या फळीसाठी वापरला. तो चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो भरतो आणि खाली दर फुटावर पाइपचा आधार असल्याने दोघांच्या वजनाने वाकत नाही. सांगाडा, फळी आणि बिजागऱ्या मिळून हा ओटा तीस किलोच्या आत बसला. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये शीट हव्या त्या मापात कापून मिळते. तिथेच कडा गुळगुळीत करून घ्याव्यात आणि घरी आणल्यावर कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात द्यावेत, कारण प्लायमध्ये ओल शिरते ती कडेनेच.

काढलेल्या सीटचे वजन आपल्या बाजूला धरता येते, हे खरे. पण ते अंदाजाने धरू नये, ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर करून घ्यावे. पूर्ण भरलेली गाडी, दोघे आत बसलेले असताना, एकदा वाहनांच्या वजनकाट्यावर नक्की न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा लिहून घ्यावा आणि मग संपूर्ण गाडीचा. दोन्हींतील फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. त्यानुसार टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे वाढवावी आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यावा, नाहीतर मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

ड्रॉवरविषयी माझे मत स्पष्ट आहे: एवढ्या लहान गाडीत ते नकोत. नेहमीच्या बॉलबेअरिंगच्या चॅनेलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जागा लागते, ड्रॉवरच्या स्वतःच्या भिंती वेगळ्या, आणि ओट्याच्या भिंती आणखी वेगळ्या. रुंदीत काही इंच आणि वजनात पंधरा-वीस किलो निव्वळ ओढण्याच्या सोयीसाठी जातात. स्पितीतली पिठासारखी धूळ चॅनेलमधल्या ग्रीसला चिकटली की ती सोयही उरत नाही. त्याऐवजी 600 बाय 400 मिलिमीटर मापाचे प्लास्टिकचे क्रेट आधी विकत घ्यावेत आणि त्यांच्या मापावरून ओट्याची उंची व खण ठरवावेत. क्रेट मागच्या दाराने सरकवता येतात, मुक्कामी उचलून खाली ठेवता येतात, फुटला तर कोणत्याही तालुक्याच्या गावात दुसरा मिळतो.

झोपण्यासाठी उंचीचा हिशेब लांबीइतकाच महत्त्वाचा आहे. ओटा उंच केला तर सामान अधिक मावते, पण वर बसून जेवता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत, आणि पावसात अडकल्यावर ही अडचण फार जाणवते. पुठ्ठ्याची खोकी रचून त्यावर गादी टाकावी आणि पार्किंगमध्ये एक रात्र दोघांनी खरोखर झोपून पाहावे. लांबी कमी पडली तर पुढच्या सीट पुढे सरकवून वर उलगडणारी बिजागरीची फळी लावता येते. फळीला अधूनमधून इंचभर व्यासाची भोके ठेवावीत. स्पितीतले काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, उन्हाळ्यातही रात्री गार असतात, श्वासाची वाफ गादीखाली साचते आणि चार दिवसांत कुबट वास येऊ लागतो. काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि बंद गाडीत शेगडी पेटवण्याचा विचारही करू नये.

सीट काढताना खालून आलेल्या वायरी ओढू नयेत. सीटबेल्टची सूचना देणारी वायर असेल तर ती काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागून राहू शकतो. एखादा पिवळा जोड दिसला, तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटे थांबावे, आणि खात्री नसेल तर ते काम अधिकृत कार्यशाळेत करावे.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जिम्नीच्या प्रमाणपत्रावर आसनसंख्या चार असते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी हटकत नाही म्हणून हा विषय सोडून देऊ नये. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहायला येतो, तेव्हा तो प्रमाणपत्र आणि गाडी ताडून पाहतो.

आणि परवानगीने आसनसंख्या दोन झाली, तर आईंना मागे कुठे बसवणार? त्यांच्यासाठी सीट परत लावणे म्हणजे पुन्हा एक बदल. दोन्हींपैकी एकच बाजू काढली तरी हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आपण सीट जागेवरच ठेवून दुमडाव्यात आणि वरून हलका, उचलता येणारा ओटा ठेवावा. सांगाडा वर लिहिला तोच, फक्त पुढचे दोन पाय लांब करून मागच्या प्रवाशांच्या पाय ठेवायच्या जागेत जमिनीवर टेकवावेत, मागचे पाय डिकीच्या तळावर, आणि चारी कोपऱ्यांना कडी वेल्ड करून त्या डिकीतल्या सामान बांधायच्या मूळ आकड्यांना रॅचेट पट्ट्याने, म्हणजे खटक्याने आवळत जाणाऱ्या पट्ट्याने, ओढून घ्याव्यात. सीटच्या जाडीएवढी उंची यात जाते, हे मान्य. पण पुढच्या सीटमागचे दोन खड्डे मोकळे मिळतात, आणि गाडीतली सर्वांत खालची व दोन्ही ॲक्सलच्या मधली जागा तीच आहे. पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन आणि हत्यारांची पेटी तिथे घट्ट बसवावी, वरच्या ओट्याखाली कपडे, शिधा आणि अंथरूण-पांघरूण एवढेच ठेवावे. असे केल्यावर ओट्याच्या पट्ट्यांवर पडणारा भार मुळातच कमी होतो. आईंना घेऊन निघायचे त्या दिवशी पट्टे सोडून ओटा दोघांनी उचलून घरात भिंतीला लावून ठेवता येतो.

स्पितीआधी एकदा आंबोलीपर्यंत जाऊन यावे. निघाल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर आणि पुढे रस्ता जिथे जिथे खराब लागेल, तिथे रोज सकाळी प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा.