पंचवीस टक्के हृदय आणि व्हरांड्यातलं भांडण

"मॅडम, पंपिंग पंचवीसच टक्के आहे. चालताना मध्येच बंद पडलं तर?" हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेल्या पेशंटच्या घरून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की उत्तर लिहूनच ठेवावं म्हटलं.

६६ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक (तपशील बदलले आहेत). हॉस्पिटलमधून आल्यापासून पलंगावरच. आंघोळीचं पाणीसुद्धा काकू काढून द्यायच्या.

"पंचाहत्तर टक्के तर गेलंच की," काका म्हणाले.

"माझं पंपिंग किती असेल, काका?"

"शंभर."

"साठच्या आसपास. कुणाचंच हृदय एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही."

ते बराच वेळ बोटांवर हिशेब करत राहिले.

पडून राहिलं की पायांचे स्नायू झिजतात. मग चार पावलांतही दम लागतो आणि दोष हृदयाच्या माथी जातो. पंपिंग पस्तीस टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, पण तब्येत स्थिर असलेल्या २३३१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, 'एचएफ-ॲक्शन'. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले: देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला.

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, फिजिओथेरपिस्टनी पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. काकांना ती पाच मिनिटं जमली. काकूंना जमेनात. त्या मागे चालायच्या, एक हात सतत काकांच्या पाठीशी. तेव्हा मला उमगलं, की भीती काकांच्या छातीत कमी आणि त्या हातात जास्त आहे. भीती टाळत गेलं की वाढते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. म्हणून काकूंनाच काम दिलं. "मागे नको, शेजारी चाला आणि बोलत राहा. वाक्य पूर्ण होतंय तोवर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की हळू."

तिसऱ्या आठवड्यात व्हरांड्यातून आवाज आला. गच्चीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची की नाही, यावरून दोघांचं जुंपलं होतं. काकांची वाक्यं लांबलचक, एकही तुटत नव्हतं. काकू थबकल्या. "अगं बाई, किती महिन्यांनी भांडले हे!"

हात पाठीवरून कधीच खाली आला होता. त्यांना कळलंही नाही. मी मात्र त्याचीच वाट पाहत होते.

एवढं सांभाळा. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्याच क्षणी थांबा आणि मदत मागवा.

काका आता आंघोळीचं पाणी स्वतः काढतात. बादली अर्धीच भरायची, हे काकूंनी ठरवलंय.