सॅपच्या क्लाससाठी सोनं गहाण ठेवावं का?

प्रश्न : ताई, मी सेलूच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अकाउंट्समध्ये हुशार आहे. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या म्हणतो, 'काका, तिला सॅप फिको करू द्या, लई मागणी आहे.' तिथल्या क्लासची फी ८५ हजार, वर खोली अन् मेस. 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगतात. तिच्या आईचं सोनं गहाण ठेवायचा विचार चालू आहे. खरंच एवढी मागणी आहे का? का तिला बँकेच्या परीक्षेला बसवू?
– एक पालक, सेलू, जि. परभणी

उत्तर :

रामराम दादा,

सोनं तूर्त घरातच राहू द्या. पुतण्या खोटं बोलत नाही, मागणी आहे. पण ती नेमकी कुणाला आहे, हे क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते.

सॅप ही जर्मन कंपनी. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ती १९७२ साली काढली. कारखान्याची खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब या सगळ्यांच्या नोंदी एकमेकींना जोडून ठेवणारं तिचं सॉफ्टवेअर जगभरातल्या मोठ्या कंपन्या वापरतात. फिको हा त्यातला हिशेबाचा भाग. देणी-येणी, कर, ताळेबंद एका बाजूला. कोणता माल बनवायला किती खर्च आला, हे दुसऱ्या बाजूला. आज मागणी का, तर ईसीसी नावाच्या जुन्या आवृत्तीला सॅप नेहमीचा आधार २०२७ अखेरपर्यंतच देणार आहे. जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत. त्यामुळे कंपन्यांना २०१५ साली आलेल्या एस-फोर हाना या नव्या आवृत्तीवर जावं लागतंय. चालू कारखाना न थांबवता वर्षानुवर्षांचा हिशेब नव्या आवृत्तीत न्यायचा, हे जोखमीचं काम आहे. त्यासाठी कंपन्या चांगला पगार देतात, पण तो असं काम आधी केलेल्यांना किंवा अकाउंट्समध्ये काही वर्षं मुरलेल्यांना. चार महिने क्लास करून आलेल्या नवख्या मुलीला हे काम कोणी एकदम हातात देत नाही.

मग नवख्यांना काय विचारतात? एक उदाहरण देते. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

समजा, वाळूजच्या एका कारखान्यानं १,००० किलो पोलादी पत्र्याची ऑर्डर दिली, दर किलोला ७० रुपये. गाडी आली, काट्यावर भरली ९८० किलो. स्टोअरनं ९८०चीच आवक चढवली. पुरवठादाराचं बिल मात्र १,००० किलोचं. आता अकाउंट्सच्या टेबलावर ऑर्डर, आवक आणि बिल असे तीन कागद आहेत आणि तिन्हींचा मेळ बसत नाही. सॅपमध्ये हे बिल नोंदवलं की कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक असल्यास ते पैसे देण्यासाठी अडवलं जातं. तिथून पुढचं माणसानं बघायचं. २० किलोचे १,४०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी २५२ रुपये, म्हणजे १,६५२ रुपयांचा प्रश्न. पुरवठादाराकडून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, मागवायची का? न आलेल्या मालावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, हे लक्षात आहे का? तूट काट्यातली आहे की गाडीतली, हे स्टोअरला विचारलं का?

मुलाखतीत हेच विचारतात. कोणत्या स्क्रीनवर कोणता कोड टाकायचा हे पाठ करून गेलेली मुलं इथं अडकतात. तुम्ही मोंढ्यात काटापट्टी आणि हिशोबपट्टी रोज ताडून बघता, तूट कुठली हे वजनावरून ओळखता. ही नजर कंपन्यांना हवी आहे. लेकीला सुट्टीत आठ दिवस अडतीवर बसवा, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी कशी बनते ते तिच्या हातानं करू द्या. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत.

आणखी एक गोष्ट. बिलावरचे आकडे वाचून आपोआप नोंदवणारी सॉफ्टवेअरं आता आली आहेत, त्यामुळे नुसत्या डेटा एंट्रीच्या जागा कमी होत चालल्या आहेत. जुळत नाही ते बिल सोडवणारं माणूस मात्र लागतंच.

म्हणून माझा सल्ला असा की नोकरी आधी आणि सॅप नोकरीत. सेलूहून रेल्वेनं परतूर, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठता येतं. वाळूज, शेंद्रा, चितेगाव इथले वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने, जालन्यातल्या पोलाद गिरण्या, बियाणं कंपन्या या सगळ्यांना अकाउंट्स आणि स्टोअरला माणसं लागतात. बिडकीनला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने येत आहेत. पहिला पगार कमी असेल, पुतण्यानं सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नसेल, त्यानं खचू नका. अर्ज करताना एकच चौकशी करायची : तुमच्याकडे कोणती ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी जोडणारं सॉफ्टवेअर, चालते? सॅप, ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स, काहीही चालेल. दोन वर्षं तिथं बिलं सोडवलेली मुलगी पुढं पुण्यात मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स सेंटरमध्ये अर्ज करू शकते, आणि तेव्हा फिकोचं प्रमाणपत्र काढलं तर त्याला वजन येतं. पदवीनंतरच्या शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नोंदणी करा, बी.कॉम.वाल्यांनाही तिथं संधी असते.

तोवर घरबसल्या, फी न भरता बरंच होतं. एक्सेल पक्कं करायचं, लुकअप आणि पिव्होट टेबल विचार न करता आलं पाहिजे. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये लायसन्सशिवाय चालतं. तारखांचं बंधन असतं, पण सरावाला पुरतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात तिनं सरावापुरती एक काल्पनिक कंपनी उभी करून वर सांगितलेली पत्र्याची खरेदी ऑर्डरपासून पेमेंटपर्यंत न्यावी. सॅपच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर अभ्यासक्रम मोफत आहेत, पैसे परीक्षेचे लागतात. इंग्रजी कच्चं असेल तर ते अभ्यासक्रम हळूहळू वाचल्यानं तेही सुधारेल.

आता क्लासविषयी. सगळे वाईट नसतात, काही शिक्षक मनापासून शिकवतात. पण 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याला लेखी विचारा : नोकरी कोण देणार, किती पगाराची, आणि नाही मिळाली तर फी परत का? शिकवता काय, ईसीसी की एस-फोर हाना? सरावाचा सर्व्हर अधिकृत आहे का? मागच्या बॅचमधल्या बी.कॉम. झालेल्या, आधी अनुभव नसलेल्या दोन मुलींशी बोलू द्याल का? इंजिनिअर किंवा आधीच नोकरीत असलेल्यांची उदाहरणं दाखवली तर ती तुमच्या लेकीला लागू नाहीत.

आणि एका गोष्टीला ठाम नकार द्या. काही ठिकाणी बायोडाट्यात तीन वर्षांचा खोटा अनुभव घालून देतात. 'सगळेच करतात' असं सांगतात. कंपन्या पीएफच्या यूएएन नंबरवरून आधीच्या नोकऱ्या तपासतात. खोटं पकडलं गेलं की नोकरी जाते, आणि ही गोष्ट पुढच्या कंपनीपर्यंत पोचते. अशा मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा फी केव्हाच गेलेली असते आणि पोरगं घरात तोंड लपवून बसलेलं असतं. मला त्या घरांचं फार वाईट वाटतं.

बँकेची परीक्षा तिला मनातून द्यायची असेल तर जरूर द्यावी, अकाउंट्सची तयारी त्यात वाया जात नाही. फक्त तीन-तीन, चार-चार वर्षं त्यातच जाणार नाहीत हे आत्ताच ठरवा.

तुमच्या पत्रात लेकीला काय वाटतं ते कुठंच आलं नाही. तिला आकड्यांचा मेळ लावायला आवडतं की माणसांशी बोलायला, हे तिलाच विचारा. दुसरं असेल तर फिकोपेक्षा खरेदी विभागाचं काम, म्हणजे सॅपमधलं एमएम मॉड्यूल, तिला जास्त मानवेल. या महिन्यात तिला ती पत्र्याची खरेदी ईआरपीनेक्स्टमध्ये करू द्या आणि बायोडाटा तिच्याच हातानं लिहून मला पाठवायला सांगा. पुढचं पत्र तिचं येऊ द्या.